झऱ्याकाठच्या गावाचा उदयास्त

एखादे भरभराटलेले गाव ओस पडले की त्याचे कारण आपण प्रथम त्याच्या पोटात शोधतो. खाण संपली असेल, नदीने पात्र बदलले असेल, बंदर गाळाने भरले असेल, असे आपण गृहीत धरतो. आणि पुष्कळदा ते खरेही असते. चौलसारख्या जुन्या बंदराची कथा सांगताना खाडीतल्या गाळाचा उल्लेख टळत नाही. परंतु काही गावांच्या बाबतीत हे उत्तर लागू पडत नाही. ज्या एका गोष्टीच्या आधाराने गाव उभे राहिले ती गोष्ट जागच्या जागी, जशीच्या तशी असते आणि तरीही गाव खचते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात शॅरन स्प्रिंग्ज नावाचे जेमतेम पाचशे वस्तीचे एक खेडे आहे. त्याची हकीकत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

आल्बनी या राज्याच्या राजधानीपासून पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटरांवर, डोंगराळ आणि दूधदुभत्याच्या मुलखात हे गाव वसले आहे. पावसाचे पाणी तेथील खडकांच्या थरांतून झिरपते, वाटेत निरनिराळी खनिजे आपल्यात विरघळवून घेते आणि एका लहानशा दरीत ठिकठिकाणी वर येते. गंधकाचे, मॅग्नेशियाचे आणि लोहाचे असे वेगवेगळ्या गुणांचे झरे तेथे हाकेच्या अंतरावर आहेत. महाविद्यालयाच्या रसायनशाळेत किपच्या उपकरणाशी ज्यांचा परिचय झाला असेल, त्यांना या गावाच्या हवेची कल्पना वेगळी द्यावयास नको. आपल्याकडील उन्हवरे, तुरळ, राजापूरनजीकचे उन्हाळे येथील झरे ऊन पाण्याचे. काही गावांच्या नावांतच ते ऊन उतरले आहे. शॅरनचे पाणी मात्र थंड. स्नानासाठी ते तापवून घ्यावे लागे. हे पाणी प्यायल्याने आणि त्यात स्नान केल्याने संधिवात, त्वचेचे विकार, पोटाच्या तक्रारी बऱ्या होतात, असा समज एकोणिसाव्या शतकात दृढ होता आणि डॉक्टरही त्यास दुजोरा देत. कोमट पाण्याने सांध्यांना आराम पडतो, विश्रांतीने प्रकृती सुधारते, यात शंका नाही. त्यापलीकडील दावे विज्ञानाच्या कसोटीस उतरले नाहीत. पण तो प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. लोकांचा विश्वास होता आणि त्या विश्वासापोटी ते पैसे खर्च करीत होते, एवढे आपल्याला पुरे आहे.

मुक्कामाची लांबी

आल्बनीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या पथकराच्या रस्त्याला १७९९ साली सनद मिळाली आणि हा मुलूख बाहेरच्या जगाशी जोडला गेला. १८२५ साली डेव्हिड एल्ड्रिज नावाच्या गृहस्थाने झऱ्यांजवळ पाहुण्यांसाठी खाणावळवजा बिऱ्हाड उघडले. पुढच्याच दशकात पॅव्हिलियन हे मोठे हॉटेल उभे राहिले. न्यूयॉर्क शहरातून हडसन नदीने आगबोटीत आल्बनीपर्यंत, तेथून पुढे आगगाडी व घोडागाडी, असा हा प्रवास होता. १८७० मध्ये लोहमार्गाची शाखाच गावापर्यंत आली आणि मग शहरातून निघालेला प्रवासी सामानासुमानासह थेट झऱ्याच्या दारात उतरू लागला. भर हंगामात, म्हणजे एका उन्हाळ्यात, दहा हजारांवर पाहुणे येत असे सांगितले जाते. व्हॅन्डरबिल्टसारख्या धनाढ्य घराण्यातील मंडळी त्यांत होती. १८८२ च्या ऑगस्टमध्ये ऑस्कर वाइल्डने अमेरिकेच्या दौऱ्यात पॅव्हिलियन हॉटेलात व्याख्यान दिले. तो काही संधिवातावर इलाज करून घेण्यासाठी आला नव्हता. जेथे ऐकणारा श्रीमंत वर्ग एकत्र जमतो तेथे व्याख्याता येतो, इतकेच.

या भरभराटीचे मर्म पाहुण्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या मुक्कामाच्या लांबीत होते. जलोपचाराचा प्रघात तीन आठवड्यांचा, रोज एक याप्रमाणे एकवीस स्नानांचा असे. शिवाय शहरातील उन्हाळा त्या काळी केवळ गैरसोयीचा नव्हता, तो जिवावर बेतणारा होता. १८३२ आणि १८४९ मध्ये न्यूयॉर्क शहरात पटकीच्या साथींनी थैमान घातले होते. ज्याला परवडे तो कुटुंब घेऊन डोंगराकडे निघे आणि हवा थंड होईपर्यंत परतत नसे. महिनाभर राहणारा पाहुणा आणि एका रात्रीपुरता उतरणारा पाहुणा यांत गावाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो. महिनाभर राहणाऱ्याला धोबी लागतो, शिंपी लागतो, दूध-अंडी लागतात, संध्याकाळी वाद्यवृंद लागतो, भाड्याची घोडागाडी लागते. त्याच्या खर्चाचा ओघळ हॉटेलाच्या दारातून बाहेर पडून गावभर पसरतो. एका रात्रीचा पाहुणा खोलीचे भाडे देतो आणि जातो.

हंगाम मात्र अवघा दहा-बारा आठवड्यांचा. महाबळेश्वर किंवा माथेरानच्या हॉटेलवाल्यांना या अडचणीचे स्वरूप समजावून सांगण्याची गरज नाही. इमारतीचा घसारा, कर, कर्जावरील व्याज हे बारा महिन्यांचे. मिळकत तीन महिन्यांची. अशा धंद्यात खोल्या भरलेल्या असतील तोपर्यंत सर्व सुरळीत दिसते. पाहुण्यांत पाचवा हिस्सा जरी घट झाली तरी नफ्याचे पारडे एकदम तोट्याकडे झुकते. शॅरनच्या पुढील सर्व इतिहासावर या एका गोष्टीची छाया आहे.

आणखी एक बाब येथेच नोंदवावयास हवी. गंधकाचे पाणी बाटलीत भरून लांब पाठवता येत नाही. त्यातील वायू उडून जातो आणि मागे उरते ते साधे बेचव पाणी. फ्रान्समधील व्हिशीचे पाणी बाटलीतून देशोदेशी गेले. शॅरनला ते साधण्याजोगे नव्हते. येथे पाणी गिऱ्हाइकाकडे जाऊ शकत नव्हते, गिऱ्हाइकालाच पाण्याकडे यावे लागे. म्हणजे गावाचे सारे नशीब गिऱ्हाइकाच्या येण्या-न येण्यावर.

शर्यतीचे घोडे आणि बंद दरवाजे

ते येणे कमी होण्याचे पहिले कारण आल्बनीच्या उत्तरेस असलेल्या साराटोगा स्प्रिंग्ज या शहरात घडले. तेथेही खनिज झरे होते आणि नावलौकिकही जुना होता. १८६३ मध्ये तेथे घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. निवृत्त मुष्टियोद्धा जॉन मॉरिसी हा त्यामागील सूत्रधार. जुगारगृह चालविण्याचाही त्याला चांगला अनुभव होता. सकाळी पाणी प्यावे, दुपारी शर्यत पाहावी, रात्री पत्ते खेळावेत, असा साराटोगाचा दिनक्रम ठरून गेला. शॅरनपाशी सकाळचे पाणी होते. दुपारसाठी आणि रात्रीसाठी त्याच्या तोडीचे काही नव्हते. श्रीमंत मंडळींनी हळूहळू तिकडे मोर्चा वळवला. मोठ्या आजाराने गांजलेला मनुष्य पाण्यासाठी कोठेही जाईल, परंतु हॉटेले चालतात ती आजाऱ्याबरोबर आलेल्या धडधाकट नातलगांवर, हे सत्य साराटोगाने फार लवकर ओळखले.

शॅरनचा कारभार तेव्हाच आटोपावयाचा. तसे झाले नाही, याचे कारण अमेरिकन समाजाच्या एका लाजिरवाण्या वर्तनात आहे. १८७७ च्या जून महिन्यात जोसेफ सेलिगमन हे विख्यात ज्यू बँकर सहकुटुंब साराटोगाच्या ग्रँड युनियन हॉटेलात गेले असता त्यांना जागा नाकारण्यात आली. यादवी युद्धाच्या काळात लिंकनच्या सरकारचे कर्जरोखे युरोपात खपविण्यास ज्यांनी साहाय्य केले, असे हे गृहस्थ. हॉटेलचा कारभार पाहणारे न्यायाधीश हेन्री हिल्टन यांनी ज्यू पाहुणे यापुढे घ्यावयाचे नाहीत, असे धोरणच जाहीर केले. वृत्तपत्रांतून मोठा गदारोळ उठला, निषेधाच्या सभा झाल्या. पण परिणाम उलटाच झाला. इतर अनेक हॉटेलांनी तोच कित्ता गिरवला. जर्मनीतून आलेल्या सुखवस्तू ज्यू कुटुंबांपुढे, ज्यांना आपल्या मायदेशातील जलोपचाराची सवय आणि गोडी होती त्यांच्यापुढे, उन्हाळ्यात जावे कोठे हा प्रश्न उभा राहिला. त्यांच्यापैकी पुष्कळजण शॅरनला आले.

शॅरनच्या हॉटेलवाल्यांची मने साराटोगावाल्यांपेक्षा उदार होती की नाही, हे ठरवण्याच्या भानगडीत अर्थशास्त्राने पडू नये. त्यांच्या खोल्या रिकाम्या होत्या. रिकामी खोली हा असा माल आहे की जो आज विकला गेला नाही तर उद्यासाठी शिल्लक राहत नाही. गॅरी बेकर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात भेदभावाचे अर्थशास्त्र मांडले. भेदभाव करणारा आपल्या पूर्वग्रहाची किंमत स्वतःच्या खिशातून मोजत असतो, हा त्यातील एक महत्त्वाचा विचार. साराटोगाने ती किंमत मोजली असेल. तिचा लाभ झाला शॅरनला. एका गावाच्या दारावर लागलेली अपमानाची पाटी दुसऱ्या गावाच्या उपजीविकेचे साधन झाली. यात शॅरनचा दोष नाही. पण त्या समृद्धीचा पाया कशाचा होता हे विसरून तिच्याकडे पाहता येत नाही.

याच सुमारास आसपासच्या शेतीची स्थिती काय होती? मद्य तयार करण्यासाठी लागणारे हॉप्स हे या भागाचे मुख्य नगदी पीक. १८८० च्या सुमारास अमेरिकेतील बहुतांश हॉप्स एकट्या न्यूयॉर्क राज्यात पिकत. पुढे पॅसिफिक किनाऱ्याकडील प्रांतांची स्पर्धा आली, पिकावर बुरशीचे रोग पडले आणि १९२० मध्ये देशभर दारूबंदी झाली. म्हणजे गावापाशी परत जाण्यासारखी शेतीही उरली नव्हती. जो धंदा डळमळू लागला होता त्यालाच अधिक घट्ट धरून बसणे भाग होते. १९२७ मध्ये इम्पीरिअल ही भव्य स्नानगृहे आणि १९२९ मध्ये ॲडलर हे हॉटेल येथे बांधले गेले, ते या पार्श्वभूमीवर. ॲडलर हे गावातील शेवटचे मोठे हॉटेल ठरले. ज्या वर्षी ते उघडले त्याच वर्षीच्या शरद ऋतूत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, हा केवळ योगायोग. पण घातक योगायोग.

गिऱ्हाईक आणि तिऱ्हाईत

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा खनिज पाण्याच्या उपचाराचे दिवस अमेरिकेत वस्तुतः संपत आले होते. सल्फा औषधे आणि पेनिसिलिन यांनी वैद्यकाचा चेहरा पालटला होता. १९४९ मध्ये मेयो क्लिनिकच्या हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्टिझोनने संधिवाताच्या रुग्णांना किती झपाट्याने आराम पडतो हे जगापुढे ठेवले आणि पुढच्या वर्षी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. संधिवात हा तर झऱ्याकाठच्या गावांचा हुकमी रोग. त्याच्यावर गोळी निघाल्यावर एकवीस स्नानांसाठी तीन आठवड्यांची रजा कोण काढणार? आणि नेमक्या याच काळात शॅरन स्प्रिंग्जला पुन्हा बरकत आली. ती कशी आली, हा या हकीकतीतील सर्वांत विलक्षण, आणि माझ्या मते सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे.

१९५२ च्या लक्झेंबर्ग करारानंतर पश्चिम जर्मनीने नाझी राजवटीच्या बळींना भरपाई देण्याचे कायदे केले. १९५३ मध्ये पहिला आणि १९५६ मध्ये त्याची विस्तृत आवृत्ती. छळामुळे ज्यांच्या प्रकृतीची कायमची हानी झाली होती त्यांना निवृत्तिवेतनाबरोबर वैद्यकीय उपचाराचा खर्चही मिळू लागला. आता, जर्मन वैद्यकात जलोपचाराला मानाचे स्थान आहे. तेथे 'कूर' म्हणजे झऱ्याकाठी काही आठवड्यांचा वैद्यकीय मुक्काम, ही चैन समजली जात नाही. बिस्मार्कच्या काळात सुरू झालेल्या सामाजिक विम्याच्या व्यवस्थेत तिला रीतसर जागा मिळत गेली. (आपल्याकडील जुन्या वाचकांना नेहरूंच्या आत्मचरित्रातील, १९३५ च्या ऑक्टोबरात बाडेनवायलर येथे लिहिलेली पुरवणी आठवत असेल. जर्मनीतील ते असेच एक झऱ्याचे गाव. कमला नेहरू तेथे उपचार घेत होत्या.) तेव्हा भरपाईच्या उपचारांत झऱ्याकाठचा मुक्कामही बसला. न्यूयॉर्क शहरात स्थायिक झालेल्या, छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यू स्त्री-पुरुषांना हा मुक्काम जवळपास कोठे करता येणार? शॅरनला स्नानगृहे होती, ज्यू पद्धतीचे पथ्याचे अन्न देणारी हॉटेले होती, ती पद्धत ठाऊक असलेला मालकवर्ग होता. अमेरिकन वैद्यकाने जे पाणी निकामी ठरवत आणले होते, त्याचे बिल बॉनमध्ये संमत झालेल्या कायद्यान्वये फेडले जाऊ लागले.

हा लाभ सहजासहजी पदरात पडत असे, असा मात्र गैरसमज होऊ नये. प्रकृतीच्या हानीबद्दल निवृत्तिवेतन मिळण्यासाठी काम करण्याची क्षमता किमान २५ टक्क्यांनी घटली आहे आणि ती छळामुळेच घटली आहे, असे दाखवावे लागे. त्यासाठी जर्मन वकिलातींनी मान्य केलेल्या डॉक्टरांपुढे तपासणी होई. ज्याने सारे कुटुंब गमावले त्याने आपल्या निद्रानाशाचा त्या छावणीशी संबंध आहे हे कागदोपत्री सिद्ध करावयाचे, असा हा प्रकार होता. सरकारी कचेरीत दाखल्यासाठी खेटे घालण्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असतो; पण येथे ज्या राज्याच्या नावाने छळ झाला त्याच्याच वारस राज्यापुढे छळाचा पुरावा ठेवावयाचा होता. अनेकांनी या कारणासाठी अर्जच केले नाहीत. ज्यांनी केले आणि ज्यांचे मंजूर झाले, त्यांच्यापैकी काहीजण दर उन्हाळ्यात शॅरनच्या व्हरांड्यांत येऊन बसू लागले.

अर्थशास्त्रात अशा व्यवहाराला तिऱ्हाइताने खर्च सोसण्याचा व्यवहार म्हणता येईल. सेवा घेणारा एक, देणारा दुसरा आणि बिलावर सही करणारा तिसराच. मध्यमवर्गीय वाचकाला हे अपरिचित नाही. रजा-प्रवास-सवलतीचा काळ संपत आला की कधी न पाहिलेल्या गावांबद्दल कार्यालयांत एकाएकी आस्था उत्पन्न होते. वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती होते तेथे औषधांच्या यादीत टॉनिकांची भर पडते. यात माणसाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की अशा मागणीचा बळकटपणा गिऱ्हाइकाच्या गरजेवर जितका अवलंबून असतो त्याहून अधिक तिऱ्हाइताच्या नियमावर असतो. खुद्द जर्मनीत याचा प्रत्यय पुढे आला. १९९७ पासून तेथील सरकारने काटकसरीसाठी कूरचा नेहमीचा अवधी चार आठवड्यांवरून तीनवर आणला आणि दोन मुक्कामांतील अंतर तीन वर्षांवरून चार केले. झऱ्यांच्या गावांवर एकदम अवकळा आली. पाण्याचे पृथक्करण केले असते तर त्यात तसूभरही फरक आढळला नसता.

शॅरनच्या बाबतीत नियम बदलण्याची आवश्यकताच नव्हती. येथील मागणीला मुदत होती. १९४५ मध्ये जो वीस वर्षांचा होता तो १९८५ मध्ये साठीचा झाला. जो चाळीस वर्षांचा होता तो बहुधा हयातच नव्हता. हे गिऱ्हाईक दर वर्षी घटणार, त्याच्या जागी नवे येणार नाही, आणि ईश्वरकृपेने येऊही नये, हे हॉटेलवाल्यांना स्वच्छ दिसत होते. अशा स्थितीत छपराची दुरुस्ती, नवे नळ, नवी उपकरणे यांवर पैसा घालणे हा शहाणपणा ठरत नाही. जी मिळकत येते ती घ्यावी आणि इमारत झिजू द्यावी, हाच व्यवहार्य मार्ग. गावाच्या पडझडीला पुष्कळजण आळस किंवा अनास्था म्हणतात. मला तो साधा, काहीसा निष्ठुर हिशेब वाटतो. प्रत्येक मालकाने आपल्यापुरते योग्य ते केले, आणि सर्वांचे मिळून गाव मोडले.

वळलेला रस्ता, उघडलेली दारे

अखेरचे घाव बाहेरून आले. न्यूयॉर्क शहरापासून आल्बनीमार्गे बफेलोपर्यंत जाणारा द्रुतगती मार्ग १९५४ च्या सुमारास मोहॉक नदीच्या खोऱ्यातून खुला झाला. गावातून जाणाऱ्या वीस क्रमांकाच्या जुन्या हमरस्त्यावरील वाहतूक तिकडे वळली. मोटारीने मुक्कामाची लांबी आधीच तोडली होती. आता मोटारही गावात येईना. विमानाने फ्लोरिडा जवळ आली आणि वातानुकूलनाने शहरातील उन्हाळा सुसह्य केला.

त्याहून महत्त्वाचे असे एक कारण आहे, ज्याचे स्वागतच करावे लागेल. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांत वंश वा धर्मावरून जागा नाकारणे बेकायदेशीर ठरवले; समाजाचे मत त्याआधीच बदलू लागले होते. १९४६ मध्ये एड कॉक नावाचा एक ज्यू तरुण ॲडलर हॉटेलात उष्टी भांडी उचलण्याचे काम करीत होता. १९७८ मध्ये तोच न्यूयॉर्क शहराचा महापौर झाला. ज्या समाजाला देशातील सर्व दरवाजे उघडले त्याने वाडवडिलांच्या नेमून दिलेल्या उन्हाळी गावात का जावे? कॅट्स्किल डोंगरातील ज्यू मंडळींची प्रख्यात विश्रामस्थाने याच लाटेत गेली: ग्रॉसिंजर्स १९८६ मध्ये, काँकर्ड १९९८ मध्ये. अन्यायाने निर्माण केलेली बाजारपेठ न्याय झाल्यावर नाहीशी होते. न्याय झाला म्हणून कोणी हळहळू नये. पण त्या बाजारपेठेवर पोट भरणाऱ्या, अन्यायात कसलाही हात नसलेल्या धोबिणीचे किंवा स्वयंपाक्याचे पुढे काय, हा प्रश्न कोणत्याही कायद्याच्या मसुद्यात नसतो.

साराटोगाची हकीकत याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. तेथे पाणी खरोखरच संपत आले होते. झऱ्यांतील कार्बन डायऑक्साइड वायू सोडापाण्याच्या धंद्यासाठी कंपन्या पंपांनी उपसून काढू लागल्या, आणि एकाच भूगर्भातील साठ्यात प्रत्येकाने नळी घातल्यावर जे व्हावयाचे ते झाले. १९०८ मध्ये राज्याने अशा उपशास बंदी घातली, १९०९ मध्ये झऱ्यांची जमीन ताब्यात घेण्यास आरंभ केला, आणि १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा कायदा उचलून धरला. १९३५ मध्ये सरकारी खर्चाने तेथे मोठे जलोपचार केंद्र उभे राहिले. ते केंद्रही पुढे काळाबरोबर मागे पडलेच. तथापि शहर टिकले, कारण शर्यती होत्या, महाविद्यालय होते, १९६६ पासून संगीत-नृत्याचे विशाल रंगमंदिर होते. ज्या ठिकाणी झरे आटू लागले होते ते शहर जगले, आणि जेथे ते अखंड वाहत राहिले ते गाव खंगले.

आपल्या पाचगणीचे उदाहरण यासारखेच आहे. कोरडी हवा हे तिचे भांडवल, क्षयरोग्यांसाठी डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये तेथे बेल-एअर आरोग्यधाम काढले. स्ट्रेप्टोमायसिन व त्यामागून आलेल्या औषधांनी चित्र बदलले, आणि १९५९ मध्ये मद्रासच्या केंद्राने घरी राहून औषध घेणारा क्षयरोगी आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो हे सिद्ध केले तेव्हा चांगल्या हवेचा वैद्यकीय भाव उतरला. पाचगणीला त्याची झळ फारशी जाणवली नाही, कारण त्याच हवेवर तेथे आधीपासून निवासी शाळा चालत होत्या. रोगी गेले, विद्यार्थी राहिले.

कोकणातील आपल्या झऱ्यांना तर असा उत्कर्ष लाभलाच नाही, आणि म्हणून अपकर्षही नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीला जाणारा मनुष्य देवदर्शन करतो आणि कुंडात स्नान करतो. डॉक्टरने चिठ्ठी दिली आहे की नाही, कॉर्टिझोन स्वस्त झाले की महाग, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. राजापूरची गंगा तर काही वर्षांच्या अंतराने अवतरते आणि पुन्हा लुप्त होते. ती आल्याची वार्ता फुटली की एस. टी. च्या गाड्या भरून माणसे निघतात. तेथे पाण्याचा नेम नाही पण गिऱ्हाईक पक्के, शॅरनची नेमकी उलट स्थिती. मात्र देवाच्या गिऱ्हाइकाचा मुक्काम एका दिवसाचा, आणि खर्च नारळ, प्रसाद व चहा-भज्यांपुरता. त्यावर छोटी दुकाने चालतात. हॉटेलांची रांग उभी राहत नाही.

शॅरनचे आज काय चालले आहे? १९९० नंतर जुन्या इमारतींच्या आवडीने काही नवी मंडळी येथे राहावयास आली. १८४७ च्या सुमाराचे अमेरिकन हॉटेल दुरुस्त होऊन २००१ मध्ये पुन्हा सुरू झाले. शहरातून आलेल्या दोघांनी गावाबाहेरील बीकमन यांचा जुना वाडा घेतला, शेळ्या पाळल्या आणि शेळीच्या दुधाचा साबण विकण्यास आरंभ केला. २०१० मध्ये त्यांच्यावर दूरचित्रवाणीची मालिका निघाली आणि साबणाबरोबर गावाचेही नाव झाले. विशेष हे की साबणाला गावापर्यंत गिऱ्हाईक येण्याची गरज नाही. तो टपालाने जातो. गंधकाच्या पाण्याला जे कधी जमले नाही ते शेळीच्या दुधाने साधले. तरीही मालिका पाहून येणारा पाहुणा दुपारी येतो, रस्त्यावर फेरफटका मारतो, साबणाच्या चार वड्या घेतो आणि बहुधा संध्याकाळी परततो.

ॲडलर हॉटेल २००४ पर्यंत कसेबसे चालले, मग त्याला कुलूप लागले. ते, आणखी काही हॉटेले व इम्पीरिअल स्नानगृहे कोरियन वंशाच्या अमेरिकन गुंतवणूकदारांच्या एका गटाने विकत घेतली. कोरियन लोकांत सार्वजनिक स्नानाची परंपरा मोठी, तेव्हा न्यूयॉर्क परिसरातील आपल्या देशबांधवांना हे पाणी आवडेल, असा त्यांचा अंदाज होता. तो अव्यवहार्य म्हणता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी जर्मन ज्यूंच्या बाबतीत तसाच अंदाज बरोबर ठरला होता. पण दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीच्या कितीतरी पट, आणि हंगाम अजूनही तीन महिन्यांचाच. पुढची दहा वर्षे त्या इमारती तशाच रिकाम्या उभ्या राहिल्या.